‘सर, लागला होता’: एका तिसऱ्या चढाईचं प्रकरण

महाशिवरात्रीनंतरच्या आठवड्यात कृष्णाकाठच्या एका गावात यात्रेनिमित्त १८ वर्षांखालील मुलांच्या कबड्डी स्पर्धा भरल्या होत्या. प्रकाशझोतातले सामने, मॅटचं मैदान, तीन बाजूंनी माणसं, चौथ्या बाजूला मंडप. मी तांत्रिक समितीत होतो. समिती तिघांची: मी, एक निवृत्त क्रीडाशिक्षक आणि जिल्ह्यात बरीच वर्षं पंच म्हणून उभे राहिलेले एक ज्येष्ठ. गावाचं, संघांचं, मुलांचं नाव इथे देत नाही. मुलं अजून खेळतायत, आणि हे लिहिण्यामागे कुणाला चव्हाट्यावर आणण्याचा हेतू नाही. एका संघाला नदीकाठचा म्हणतो, दुसऱ्याला पूर्वभागाचा. सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला एवढं पुरे आहे. एकीकडे ऊस आणि हळदीचं रान, दुसरीकडे टँकरची वाट बघणारी गावं.

शनिवारी रात्री दुसरा उपांत्य सामना होता. संपायला मिनिटभर राहिलं होतं. नदीकाठ २७, पूर्वभाग २६. पूर्वभागाच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, त्यामुळे ही तिसरी. गुण आणायचा, नाहीतर चढाई करणारा बाद. सतरा वर्षांचं, हडकुळं, लांब पायांचं पोरगं दम घुमवत आत गेलं. निदानरेषा (चढाईवाल्यानं ओलांडलीच पाहिजे ती रेषा) ओलांडून दोनदा हूल दिली आणि उजव्या कोपऱ्याकडे एकदम पाय फेकला. कोपऱ्यातला गडी घोट्यावर झडप घालायला हात पुढे करून वाकलेला. पाय आला तसा त्यानं हात मागे घेतला. पोरगं मागच्या मागे उडी मारून मध्यरेषा ओलांडून आलं आणि एक बोट वर करून उभं राहिलं.

त्या बाजूच्या पंचांच्या आणि कोपऱ्याच्या मध्ये साखळीतले दोन गडी आले होते. पंचांनी सरपंचांकडे, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांकडे, पाहिलं, सरपंचांनी मान हलवली. गुण नाही. तिसरी चढाई रिकामी म्हणून चढाईवाला बाद, नदीकाठला गुण, २८-२६. नदीकाठच्या चढाईपटूनं पुढची चढाई मध्यरेषेजवळच घोळवून वेळ काढला. अखेरच्या दहा सेकंदांत पूर्वभागाच्या हाती काही लागलं नाही.

आता उलट बाजू बघा. स्पर्श धरला असता तर २७-२७, नदीकाठचा एक गडी मैदानाबाहेर आणि खेळायला अजून चाळीस सेकंद. एका स्पर्शाचा हिशेब गुणफलकावर दोन गुणांचा होता, पण त्या मिनिटाला त्याची किंमत सामन्याएवढी होती.

मी गुणलेखकाच्या टेबलाजवळ बसलो होतो. मला स्पर्श दिसला नाही. त्यानंतरचं दिसलं. कोपऱ्यातल्या पोरानं आधी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग पंचांकडे, मग स्वतःच्या बाकाकडे. बाकावरून त्याचे प्रशिक्षक ‘शाब्बास रं वाघा’ म्हणून ओरडत होते. पोरगं उठलं आणि शेजारच्या गड्याला टाळी देऊन जागेवर गेलं. एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. मी त्याकडे दुर्लक्ष केलं, हेही इथे नोंदवतो.

सामन्यानंतर पूर्वभागाचे प्रशिक्षक टेबलाशी आले. चिडलेले होते, पण आवाज चढवला नाही. त्यांची पोरं मात्र पेटली होती आणि गावातून आलेली जीपभर माणसंही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात पाठ टेकली की नाही यावरून पंचांना लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. आमच्या सरपंचांनी तर सामना संपताच कीट आवरून ठेवलं होतं. त्या प्रशिक्षकांनी आपल्या पोरांना मंडपामागे नेऊन बसवलं, तक्रारीची अनामत भरली आणि एका प्रेक्षकाच्या मोबाइलमधला व्हिडिओ आमच्यापुढे धरला. आम्ही तो सात-आठ वेळा पाहिला. पायाचा अंगठा आणि मनगट एका रेषेत येतात एवढं कळत होतं. टेकले का, ते कळत नव्हतं. नियमपत्रिकेत ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असं छापलेलं होतं. साडेबाराला आम्ही तक्रार फेटाळली.

जाताना त्या हडकुळ्या पोराला त्याचे प्रशिक्षक काय म्हणाले ते मी ऐकलं. “खोटं बोट वर करायची सवय लावून घेऊ नको. आज तुझ्यामुळं सगळ्यांपुढं तोंडघशी पडलो.” पोरगं काही बोललं नाही.

रविवारची सकाळ

नऊच्या सुमारास मंडपात खुर्च्या लावत असताना कोपऱ्यातलं पोरगं सायकलवरून एकटंच आलं. सायकल स्टँडवर लावली, माझ्यासमोर उभं राहिलं.

“सर, लागला होता. मनगटाला.”

मी विचारलं, मग काल का नाही बोललास?

“पंचांनी दिलं नाही ना सर. पंचांनी दिलं नाही म्हंजे संपलं, असं वाटलं.” थोडं थांबून म्हणाला, “सरावाला असतो तर उठलो असतो.”

हे शेवटचं वाक्य मी अनेक दिवस डोक्यात घोळवतोय. हे सगळं प्रकरण त्या वाक्यात आहे.

ज्यांनी गावच्या तालमीशेजारच्या मैदानात कबड्डी खेळली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सरावाला पंच नसतो. संध्याकाळी सहा-सातला बारा-चौदा पोरं जमतात, दोन भाग पडतात आणि खेळ सुरू होतो. कुणाला लागलं, कुणाचा पाय रेषेबाहेर गेला, कुणाचा दम तुटला हे ज्याचं त्यानं सांगायचं. लागलं की गडी आपणहून उठतो, बाहेर जाऊन बसतो आणि जिवंत व्हायची वाट बघतो. कुणी खोटं बोललाच तर दुसऱ्या दिवशी त्याला भागात घेताना पोरं कुरकुर करतात. एवढ्या शिक्षेवर वर्षानुवर्षं सराव सुरळीत चालतो. म्हणजे आमच्या पोरांना खरं सांगता येत नाही हे साफ खोटं आहे. हे पोरगं आठवड्यातले पाच दिवस आपणहून उठत होतं. सहाव्या दिवशी शिट्टी आणि पांढरा पोशाख समोर आला, आणि मनगटाला लागलेला अंगठा त्याचा राहिला नाही, तो पंचांच्या ताब्यात गेला.

बर्फावरचा दगड

इथे मला एका लांबच्या खेळाकडे जायला हवं. कारण शनिवारी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पडून पूर्वभागाची पोरं मोबाइलवर नेमकं तेच बघत होती आणि मला विचारत होती, “सर, ह्यो झाडू मारायचा खेळ काय हाय?”

कर्लिंग. साधारण ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्ट्यावरून जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवायचा, तो समोरच्या गोलात मध्याच्या जवळ थांबवायचा आणि वाटेत दोघांनी ब्रशनं बर्फ घासून त्याचा वेग आणि वळण सांभाळायचं. दगडाला वर मूठ असते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडे हॉग लाइन नावाची रेषा असते, अलीकडच्या रेषेआधी दगड हातातून सुटला पाहिजे. मोठ्या स्पर्धांत मुठीत सेन्सर बसवलेला असतो, रेषेच्या आत हात सुटला की नाही ते दिव्यावरून कळतं. पण बोट मुठीला न लागता खाली ग्रॅनाइटला लागलं तर सेन्सरला ते कळत नाही.

१३ फेब्रुवारी २०२६ रोजी हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोर्तिनाला कॅनडा आणि स्वीडनच्या पुरुष संघांत हाच वाद पेटला. कॅनडाचा मार्क केनेडी दगड सोडल्यावर बोटानं त्याला पुन्हा स्पर्श करतो, असा आरोप स्वीडनच्या ऑस्कर एरिक्सननं बर्फावरच केला. केनेडीनं शिव्यांनी उत्तर दिलं. कॅनडानं सामना ८-६ असा जिंकला. आपण जाणूनबुजून कधीच फसवत नाही, असं केनेडीनं नंतर सांगितलं. त्याला ताकीद मिळाली ती शिव्यांसाठी. स्पर्शाचा निकाल लागलाच नाही, कारण त्या खेळात चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची पद्धत नाही.

ही बातमी जगभर गाजली याचं कारण शिव्या नव्हत्या. कर्लिंग हा खेळाडूंनी स्वतःची चूक स्वतः सांगायचा खेळ आहे. सरकत्या दगडाला ब्रश किंवा पाय लागला तर ज्याचा लागला त्यानं लगेच सांगायचं, पंचांची वाट बघायची नाही. अन्यायानं जिंकण्यापेक्षा हरणं पसंत करावं, असं त्या खेळाच्या नियमपुस्तकात सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. आणि सांगायचं कुणाला? पंचाला नाही, समोरच्या संघाला. स्पर्श पलीकडच्या हॉग लाइनच्या पुढे झाला असेल तर त्या दगडाचं काय करायचं ते समोरचा कर्णधार ठरवतो. काढून टाकायचा, आहे तिथे ठेवायचा, की स्पर्श झाला नसता तर जिथे गेला असता तिथे न्यायचा. या तरतुदीचं मला फार मोल वाटतं. सांगणाऱ्याला ठाऊक असतं की आपण खरं बोललो तरी लगेच सगळं जाईलच असं नाही. ऐकणाऱ्यालाही उदार व्हायची संधी असते. २०१८ ला प्योंगचांगमध्ये कॅनडाच्या रॅचेल होमननं डेन्मार्कचा असा लागलेला दगड सरळ उचलून बाजूला केला. ती नियमात होती, तरी तिच्यावर टीका झाली, ती कर्णधाराच्या हाती असलेल्या याच अधिकारामुळे. तो सामना डेन्मार्कनं जादा एंडमध्ये, म्हणजे जादा फेरीत, ९-८ असा जिंकला.

कोर्तिनाच्या वादानंतर जागतिक संघटनेनं काय केलं ते आमच्या प्रकरणाशी थेट जोडलेलं आहे. दुसऱ्याच दिवशी हॉग लाइनवर नजर ठेवायला अधिकारी उभे केले. त्याच दिवशी स्वित्झर्लंडविरुद्ध त्याच होमनचा दगड दुहेरी स्पर्शासाठी बाद ठरला. कॅनडाला तो निर्णय मान्य नव्हता. खेळाडू वैतागले, संघांची बैठक झाली आणि संघटनेनं माघार घेऊन ठरवलं की एखाद्या संघानं मागणी केली तरच निरीक्षक उभे राहतील. दोन दिवसांत चर्चेचा विषयच बदलला. ‘त्यानं स्पर्श केला का’ याऐवजी ‘अधिकाऱ्याला दिसलं का’ असं झालं. आमच्या पोराच्या तोंडून रविवारी सकाळी मी जे ऐकलं ते हेच.

पंच नकोत असं मी म्हणत नाही. पंचांशिवाय यात्रेतला सामना दहा मिनिटं चालणार नाही. पण पंच उभा राहिला की खेळाडूच्या खांद्यावरचं एक ओझं तो नकळत उचलतो, आणि ते परत खेळाडूच्या खांद्यावर ठेवायचं काम आम्ही मोठी माणसं करत नाही.

समितीचं टेबल

पोराला बाहेर बसवून आम्ही तिघं बोललो. ज्येष्ठ पंचांचं म्हणणं साधं होतं. गुणपत्रिकेवर दोन्ही कर्णधारांच्या सह्या झाल्या, निकाल बंद. आता उघडला तर उद्या प्रत्येक हरलेला संघ कुणाला तरी सायकलवर बसवून पाठवेल. निवृत्त शिक्षक म्हणाले, शेवटची चाळीस सेकंदं पुन्हा खेळवा. मी पंचांच्या बाजूनं गेलो. आजही जाईन. झालेल्या सामन्याचा निकाल सांगितलेल्या सत्यावर बदलायचा तर सत्याला बाजारभाव येईल.

निवृत्त शिक्षकांनी हांगझोऊचं उदाहरण काढलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराणमध्ये अशाच तिसऱ्या चढाईवरून वाद झाला, तासभर खेळ थांबला, निर्णय फिरले आणि शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. पण तिथला प्रश्न नियमाचा होता. स्पर्श न करता चढाईवाला राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि मागोमाग बचावपटूही गेले तर बाद कोण, जुना नियम लावायचा की नवा. काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आमच्याकडे नियमाबद्दल वादच नव्हता. काय घडलं ते मात्र मैदानावरच्या दोनच पोरांना माहीत होतं.

लॉर्ड्सचं प्रकरणही याहून वेगळं, तरी सांगलीत कबड्डीच्या मंडपातसुद्धा त्याचा विषय निघतोच, कारण आपली स्मृती मानधना त्या संघात होती. २४ सप्टेंबर २०२२ ला दीप्ती शर्मानं चेंडू टाकण्याआधी क्रीज सोडलेल्या इंग्लंडच्या चार्ली डीनला धावबाद केलं आणि भारत १६ धावांनी जिंकला. जे झालं ते उजेडात, सगळ्यांसमोर आणि नियमात. आठवडाभरानं, १ ऑक्टोबरपासून, क्रिकेटच्या नियमावलीतही ही धावबादची पद्धत ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात घेतली गेली. दीप्तीनं काही लपवलं नव्हतं. खिलाडूवृत्तीच्या नावाखाली या सगळ्या प्रकरणांची एकच मोट बांधली जाते, त्याचा मला त्रास होतो. उघडपणे नियम वापरणं वेगळं आणि स्वतःलाच ठाऊक असलेली गोष्ट गिळून टाकणं वेगळं.

निकालापर्यंत आम्ही बरोबर होतो. त्यानंतर जे केलं ते चुकलं.

आम्ही पोराला सांगितलं, “बरं झालं सांगितलंस, जा आता.” आणि त्याच्या प्रशिक्षकांना बोलावून झालेलं कानावर घातलं. शिस्त म्हणून, कळवणं आपलं काम म्हणून. ते ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. पोरगं अजून मंडपाच्या दोरीपाशी होतं. “आरं, तुला कुणी इचारलं हुतं का?” एवढंच ते त्याला म्हणाले. मी म्हटलं, पोरानं चांगलं केलं. त्यावर मला म्हणाले, “सर, ८० साली वानखेडेवर विश्वनाथनं बाद दिलेल्या बॉब टेलरला परत बोलावलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅच गेली इंग्लंडच्या घरात. टाळ्या वाजवणारी माणसं पोराला नोकरी देत न्हाईत. खेळाडू कोट्याचं प्रमाणपत्र बघून नोकरी मिळते.” त्या माणसाला मी खलनायक करणार नाही. पदरचा पैसा घालून तो वीस पोरांना सकाळ-संध्याकाळ मैदानावर आणतो, आणि प्रमाणपत्राबद्दल तो जे बोलला ते त्याच्या पोरांच्या घरी जाऊन आलेला कुणीही नाकारणार नाही.

संध्याकाळी अंतिम सामन्यात कोपऱ्यातलं पोरगं पहिल्या सातांत नव्हतं. शनिवारी गप्प राहिलं तेव्हा शाबासकी मिळाली होती. रविवारी बोललं आणि बाकावर बसलं. नदीकाठच्या बाकी पोरांनी हे पाहिलं. पुढच्या वेळी मनगटाला अंगठा लागेल तेव्हा त्यांच्यातलं कुणी कशाला उठेल?

दुसरी चूक मला त्याहून मोठी वाटते आणि ती पूर्ण आमची आहे. पोरानं जे सांगितलं ते आम्ही पूर्वभागाच्या संघाला कळवलंच नाही. निकाल बदलणार नाही, मग उगाच जखमेवर मीठ कशाला, असा विचार केला. खरं तर आम्हाला पुन्हा जीपभर माणसं मंडपात नको होती. ज्याला खोटं बोट वर करणारा ठरवलं ते हडकुळं पोरगं खरं बोलत होतं, आणि ही गोष्ट आमच्या टेबलापर्यंत येऊन तिथेच थांबली. सायकलवरून सात किलोमीटर आलेल्या पोराचं बोलणं आमच्यासाठी नव्हतंच. ते ज्याच्यासाठी होतं त्याचा पत्ता आम्ही त्याला द्यायला हवा होता.

त्यानंतर

आमच्या मैदानावर आता आठवड्यातून एक सराव शिट्टी, टेबल, गुणफलक लावून सामन्यासारखा घेतो. फरक एकच. पंचांना न दिसलेला स्पर्श गड्यानं स्वतः हात वर करून सांगितला तर पंच त्याला बाद देतात, आणि प्रशिक्षकानं बाकावरून त्याबद्दल एक शब्द काढायचा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मला स्वतःला दोनदा ओठ चावावे लागले. पोरांना ते मानानं सोपं गेलं.

पुढच्या यात्रेच्या नियमपत्रिकेसाठी मी एक ओळ लिहून दिली आहे: स्पर्श झाल्याचं बचावपटूनं पुढची चढाई सुरू होण्याआधी स्वतः सांगितल्यास पंचांनी तो गुण द्यावा. निवृत्त शिक्षकांनी सही केली. ज्येष्ठ पंचांनी अजून केलेली नाही. त्यांची शंका रास्त आहे: एक संघ सांगणारा आणि दुसरा न सांगणारा निघाला, तर आपण सांगणाऱ्याचं नुकसान लेखी करून ठेवतोय. याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण तयार नाही. कर्लिंगमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं मिळालं, आणि तिथेही २०२६ च्या फेब्रुवारीत त्याला तडा गेलेला सगळ्यांनी पाहिला.

मार्चमध्ये निवड चाचणीला दोन्ही पोरं आली होती. मी कोपऱ्यातल्याला बाजूला घेऊन फक्त दाखवलं, तो बघ, पाण्याच्या पिंपाजवळ उभा आहे. तो गेला. मी जरा लांब उभा होतो. त्यानं डावा हात पुढे करून मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं.

“इथं लागला हुता तुझा अंगठा.”

हडकुळ्यानं मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मला म्हाईतच हुतं की. आमच्या सरास्नी सांग.”

त्याचे सर मैदानाच्या पलीकडच्या कडेला, नावनोंदणीच्या रांगेत उभे होते. दोघं तिकडे चालायला लागले.